झुलाल मिस्तरी आणि साधू गॅस

झुलाल मिस्तरींकडे कोणी भांडं जोडायला आणलं, की ते आधी त्या भांड्याशी बोलत. दुधाचा कॅन असो, गोडेतेलाची कोठी असो, नाहीतर एखाद्या हॉटेलवाल्याची चहाची किटली असो, मिस्तरी झाकण काढत, तोंड आत घालून विचारत, "मझार कोनी शे का?" आत कोणी आहे का. मग कान देऊन उभे राहत आणि मनात पंधरापर्यंत मोजत. उत्तर आलं नाही की तारेला बांधलेली पणती पेटवून आत सोडत. पणती जळत राहिली तरच कामाला हात लावत. किटलीत पणती मावत नसे, तेव्हा काडी पेटवून धरत. नंदुरबारच्या गिऱ्हाइकांची यात मोठी करमणूक होई. "मिस्तरी, किटलीमा मन्ही सासू शे, तिले तठेच ऱ्हाऊ द्या," असं कोणीतरी म्हणे आणि बाकीचे हसत. मिस्तरी हसत नसत आणि चिडतही नसत. पणतीकडे बघत राहत.

हे त्यांचं पहिल्यापासूनचं नव्हतं. ती सवय कशामुळे लागली हे सुरुवातीला दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः आणि दुसरा मी. त्यामुळे लोक हसत तेव्हा मी कागदात डोकं खुपसून बसे. आजही एखादं रिकामं पिंप उघडं दिसलं, तर मी त्याच्यापासून दोन हात लांबून जातो. माझी नातवंडं याला म्हातारपण म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो.

स्टेशनजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा मॅट्रिकच्या जोरावर माझं डोकं जरा हवेतच होतं. जिनिंगची यंत्रं, नदीकाठच्या मळ्यांतली पाण्याची इंजिनं, दूधवाल्यांची भांडी, असं काहीही तिथे दुरुस्तीला येई. झुलाल मिस्तरी मूळचे धानोऱ्याचे. मुंबईच्या एका कारखान्यात आठ-दहा वर्षं काढून परत आलेले. अंगाने काटकुळे, उजवी भुवई कधीकाळी जळून गेलेली ती पुन्हा आलीच नव्हती, त्यामुळे चेहऱ्यावर कायम अर्धं आश्चर्य. त्यांच्याच भरवशावर शेठने मुंबईहून आरगॉनचं जुनं वेल्डिंग यंत्र आणवलं होतं. अॅल्युमिनियम जोडणारं आसपासच्या चार तालुक्यांत दुसरं कोणी नव्हतं. अक्कलकुव्याच्या बाजारातून फुटके कॅन घेऊन माणसं आमच्याकडे येत.

पहिल्याच दिवशी मिस्तरींनी मला शिकवायला घेतलं. मी नको म्हणत होतो, पण त्यांना श्रोता हवा होता. टॉर्च म्हणजे मुठीत मावेल एवढा दांडा. त्याच्या टोकाला टंगस्टनची सुई आणि सुईभोवती चिनीमातीचा छोटा कप. सुई ठिणगी देते आणि कपातून गॅस येतो. वितळलेल्या धातूवर तो गॅस पांघरुणासारखा पसरतो, त्याला हवा लागू देत नाही. "हाऊ गॅस म्हंजे साधू शे," मिस्तरी म्हणाले. "पेटस नई, फुटस नई, त्याले वास नई, रंग नई. कोनासंगं भांडस नई." तेव्हापासून आमच्या वर्कशॉपात आरगॉनला कोणी आरगॉन म्हटलं नाही. रेल्वेने सिलिंडर आले की हमालसुद्धा ओरडून सांगत, साधू आले.

कप बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेले असत. चार नंबरपासून बारा नंबरपर्यंत, बोटाच्या पेरापासून अंगठ्याच्या जाडीपर्यंत. कोपऱ्यात, खाचेत काम असलं तर बारीक कप. मोकळ्या पत्र्यावर लांब जोड असला तर रुंद. मी एकदा सहज विचारलं, की रुंदच का नाही वापरत सगळीकडे, पांघरूण मोठं मिळेल. मिस्तरींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कप कामले इचारीसन लेवाना, आपला मनले नई," ते म्हणाले. "रुंद कप जास्ती गॅस खास. आनि खाचमा तो शिरसच नई, सुई बाहेर काढनी पडस, मंग ती उघडी पडीसन जळस." हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणत, आणि दर वेळी असं म्हणत, की जणू आत्ताच सुचलंय.

मुंबईचे कप महाग आणि नाजूक. हातातून पडला की संपला. म्हणून मिस्तरींनी एकदा कुंभारवाड्यातून डझनभर कप करून आणले. पहिलाच कप तापला आणि फुटला, आणि त्याचा एक तुकडा शेठच्या टोपीवर जाऊन बसला. शेठ टोपी काढून बराच वेळ तिच्याकडे बघत होते. नंतर मिस्तरींनी विजेच्या खांबांवरचे फुटके चिनीमातीचे बॉबिन जमवायला सुरुवात केली. ते सहाणेवर घासून, भोक मोठं करून ते त्यांचे कप बनवत. एका कपाला दोन दिवस लागत. दहा नंबरचा मात्र मुंबईचाच, एकुलता एक. त्याला वेगळी डबी होती आणि ती मिस्तरींच्या उशाला असे.

कपाइतकीच त्यांना काळजी टॉर्चच्या थंडाव्याची. आमच्याकडचा टॉर्च पाण्यावर चाले. शेडच्या छपरावर पिंप, त्यातून एक नळी टॉर्चमध्ये जाई, आतून फिरून दुसऱ्या नळीने बादलीत पडे. आमच्या विहिरीचं पाणी जड. नळीत पांढरा थर धरे, म्हणून महिन्यातून एकदा चिंचेचं पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खळखळून काढायचं. हे सगळं वेस्ताकडे असे. वेस्ता म्हणजे धडगावच्या वरच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पावसाळ्यात घरी शेती करायचा आणि दिवाळीनंतर आमच्याकडे यायचा. नावाला तो पाणी भरायला होता. पण बादलीत पडणाऱ्या धारेखाली तो बोट धरून बसे, आणि ते बोट मिस्तरींच्या मते मुंबईच्या घड्याळापेक्षा खरं होतं. "न्हावानं," वेस्ता म्हणे, म्हणजे अंघोळीइतकं गरम, चालू द्या. "च्यानं," म्हणजे चहाइतकं उकळतं, असं म्हणाला की मिस्तरी तत्क्षणी हात उचलत.

दोघांची जोडी बघण्यासारखी होती. एक अखंड बोलणारा, दुसरा दिवसाला वीस शब्द खर्चणारा. वेस्ता येताना डोंगरातून मोहाची वाळकी फुलं आणे आणि मिस्तरी ती भाजून खात. रेली, म्हणजे वेस्ताची बायको, हंगामात एकदोनदा भावाबरोबर खाली येई. ती आली की मिस्तरी वेस्ताला चिडवत, "आज तुन्हं बोट कामनं नई, आज तुले बठ्ठं पानी न्हावानंच लागी." वेस्ता लाजून बादली हलवत बसे. रेलीला अहिराणी फारशी कळत नसे, पण कोण कोणाला चिडवतंय हे कळायला भाषा लागत नाही.

मिस्तरींचा एक नियम होता आणि तो त्यांनी वेस्ताला घोटून घोटून शिकवला होता. काम थांबलं की ठिणगी बंद करायची, पण गॅस लगेच बंद करायचा नाही. सुई लाल असते तोवर तिला हवा लागली तर ती काळी पडते आणि मग पुढचा जोड घाण होतो. "आग इझाडी तरी साधूले ऱ्हाऊ दे," ते म्हणत. "तापेल माणूसले नि तापेल सुईले एकदम एकलं सोडू नई." पंधरा आकडे मोजून मग चावी फिरवायची. ते पंधरा आकडे मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतात, आणि ते मला ऐकायचे नसतात.

त्या वर्षी वैशाखात तापीकाठच्या एका गावातून काम आलं. मळेवाल्या गुजर मंडळींनी दूध साठवायला अॅल्युमिनियमची मोठी टाकी बसवली होती. थंड राहावी म्हणून अर्धी जमिनीत, वरून पत्र्याची शेड. टाकीला वर माणूस उतरेल एवढं गोल तोंड. आतला तळाचा जोड गळत होता. जनरेटर, सिलिंडर, पाण्याचं पिंप, सगळं ट्रकमध्ये घालून आम्ही तिथे गेलो. मिस्तरी, वेस्ता, आणि माल मोजायला मी. मोकळा, लांब जोड होता, म्हणून मिस्तरींनी उशाची डबी उघडली आणि दहा नंबरचा कप लावला.

सकाळभर काम चांगलं चाललं. मिस्तरी दर थोड्या वेळाने वारा घ्यायला टाकीबाहेर येत. पण दुपारकडे वेस्ता एकसारखा "च्यानं, च्यानं" म्हणू लागला. नळीत थर धरला होता. निघायच्या घाईत चिंचेचं पाणी भरायचं राहिलं होतं, आणि हे मिस्तरींनीच म्हटलं होतं, की परत आल्यावर करू. बादलीत धारेऐवजी थेंब पडत होते. बाहेर ऊन असं, की ट्रकच्या पत्र्याला हात लावता येईना. मिस्तरी जेवायला म्हणून टाकीतून वर आले तेव्हा टॉर्च एवढा तापला होता, की पंधरा आकड्यांनी काही झालं नसतं. त्यांनी तो आतल्या कडीला अडकवला आणि गॅस मंद सोडून ठेवला. पाणी थंड करत नाही तर निदान साधू करेल. तेवढा दहा नंबरचा कप तडकू नये, एवढीच त्यांची काळजी होती. त्यात काही वावगं आहे असं त्या वेळी कोणालाही वाटलं नसतं. मला तर वाटलंच नाही. मी तिथेच उभा होतो.

आम्ही मळ्यातल्या आंब्याखाली जेवलो. वेस्ता आला नाही. नदीवर गेला असेल म्हणून आम्ही त्याची भाकरी फडक्यात बांधून ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी माणूस गारवा हुंगत फिरतो. कोणी विहिरीच्या पायऱ्यांवर झोपतं, कोणी गव्हाच्या पेवात उतरतं. अर्धी जमिनीत पुरलेली ती टाकी त्या सबंध गावातली सगळ्यात गार जागा होती. वेस्ता तिच्यात उतरून आडवा झाला होता.

तासाभराने मिस्तरी परत शेडमध्ये गेले. मी मागोमाग होतो. त्यांनी टाकीच्या तोंडातून आत पाहिलं आणि ते एक क्षण थांबले. मग सिलिंडरकडे गेले, चावी घट्ट बंद केली, आणि मग "वेस्ता" अशी हाक मारली. आधी चावी, मग हाक. तो क्रम मी पाहिला. ते आत उतरले तेव्हा त्यांनाही भोवळ आली आणि मळ्यातल्या दोघांनी दोर टाकून त्यांना ओढलं. नंतर वेस्ताला वर काढलं. अंगावर ओरखडा नव्हता. चेहरा झोपलेल्या माणसाचा. मुठीत न पेटलेली बिडी होती, आणि टाकीच्या तळाशी काड्यापेटीतल्या तीन काड्या पडल्या होत्या. तिन्हींची डोकी जळाली होती आणि लाकूड पांढरंशुभ्र, तसंच. मिस्तरींनी त्या उचलून खिशात घातल्या.

शेठ संध्याकाळपर्यंत येऊन पोचले. ऊन लागलं, असं ते म्हणाले. डोंगरातला माणूस, प्यायलाही असेल, असंही म्हणाले. मळेवाल्यांनी मान हलवली. वेस्ता कामाच्या दिवशी थेंबाला शिवत नसे, हे मिस्तरींना ठाऊक होतं आणि मलाही. मला कागद काढायला सांगितला. मी स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, की मजूर मद्यप्राशन करून भर उन्हात हिंडल्याने उष्माघाताने मरण पावला. माझं अक्षर शाळेपासून चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ट्रक प्रेत घेऊन रस्ता संपेपर्यंत वर गेला आणि रिकामा परत आला.

पुढच्या रविवारी वर्कशॉप बंद असताना मी काहीतरी विसरलं म्हणून गेलो. मिस्तरी एका रिकाम्या पिंपापुढे बसले होते. पिंपात गॅसची नळी सोडली होती. त्यांनी पणती पेटवली आणि तारेने आत सोडली. ती काठाच्या खाली गेली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. कितव्यांदा ते करत होते कोण जाणे. "देख," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साधू जड शे. तो खाले बसस, नि बठ्ठी हवा वर काढी टाकस. त्याले बिडी पेटाडता येत नव्हती. तीन दाव काडी ओढी त्यानी." मग विझलेली पणती वर काढत म्हणाले, "मी चावी काब्रं आधी बंद करी? त्याले वाचाडाले, का कोनी देखू नई म्हनून? माले सोताले सांगता येत नई."

इथे मी काय म्हणालो ते लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "जाऊ द्या दादा. गयेल माणूस परत येत नई. तुमले तीन पोरी शेतस." मी हे त्यांच्या भल्यासाठी बोललो असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. खरं तर माझा कागद खोटा ठरला असता. त्या रविवारनंतर मिस्तरी भांड्यांना हाका मारू लागले.

दोन दिवाळ्या गेल्या. दुसऱ्या दिवाळीनंतर रेलीचा भाऊ जात्र्या कामाला आला. त्याने पाण्याची बादली खाली ठेवता ठेवता सांगितलं, की रेलीला गावाने बाहेर काढलं. धडधाकट माणूस, अंगावर जखम नाही, ताप नाही, आणि झोपल्या जागी मेला. खाली शहरातल्या कागदावर दारू लिहिली होती, पण वेस्ता पीत नसे हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे कागद खोटा. मग खरं काय, तर रेली डाकीण असली पाहिजे, तिने नवऱ्याला खाल्लं. सासूने आधी म्हटलं, मग गावाने म्हटलं. ती आता लहान मुलीला घेऊन ओढ्यापलीकडे खोपटात राहत होती. तिच्या चुलीतला विस्तव कोणी नेत नव्हतं, तिला कोणी देत नव्हतं. "गये साल दगड मारात तिले," जात्र्या म्हणाला, "आते पोरीलेबी मारतस. औंदा होळीनंतर काय व्हई माले म्हाईत नई."

मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि कामाला लागले. मीही लागलो. सात-आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कपांच्या नंबरांबद्दल बोललो. मग एका सकाळी एक हॉटेलवाला मोठा बंब घेऊन आला. मिस्तरींनी नेहमीप्रमाणे तोंड आत घालून विचारलं, "मझार कोनी शे का?" हॉटेलवाल्याचा भाऊ थट्टेखोर. त्याने बंबाच्या खालच्या तोटीला तोंड लावलं आणि खोल आवाजात म्हणाला, "शे ना." बंब घुमला. मिस्तरी जागच्या जागी खाली बसले. सगळे हसत होते. त्यांनी दोन्ही हातांनी बंब धरला आणि आत अगदी हळू विचारलं, "वेस्ता, तिले कवलोंग मार खावाडू रे?" किती दिवस तिला मार खाऊ देऊ. हसणं थांबलं. हॉटेलवाला बंब न जोडताच घेऊन गेला.

मिस्तरी माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "एक साधू गाडीवर चढाव. नि जात्र्याले बलाव." मी शेठना विचारतो म्हणालो. "कोनले इचारू नको," ते म्हणाले. "तूबी चाल."

मार्गशीर्षातली थंडी होती. शहाद्यापर्यंत ट्रक, पुढे जिथवर जाईल तिथवर तोच, आणि मग बैलगाडी. कडब्यावर आडवा टाकलेला सिलिंडर, त्याला धरून बसलेले मिस्तरी, पुढे जात्र्या. चढावर बैल थांबत तेव्हा आम्ही मागून जोर लावत असू. वाटेत ते एकदाच बोलले. "लोके माले मारतीन तं तू मझार पडू नको," म्हणाले. मी हो म्हटलं आणि मनातून घाबरलो.

पाड्यावर मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. गावचा जाणता म्हातारा, त्याला तिथे डाह्या म्हणतात, समोर बसला. ओढ्यापलीकडे रेली उभी होती, मुलीला पाठीमागे घेऊन. मिस्तरी अहिराणीत बोलत होते आणि जात्र्या ते पावरीत सांगत होता. त्यांनी टाकी सांगितली, ऊन सांगितलं, तापलेला टॉर्च आणि दहा नंबरचा कप सांगितला. चिंचेचं पाणी राहिलं तेही सांगितलं. आधी चावी आणि मग हाक, हेसुद्धा सांगितलं, जे मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं आणि जे सांगायची काही गरज नव्हती. शेवटी म्हणाले, "तिनी नई खादं त्याले. मी मारं."

डाह्या म्हणाला, वारा कसा माणूस मारेल, वारा तर आपण सगळे खातो. मिस्तरींनी मोठा माठ मागितला. त्यात पणती सोडली, ती जळाली. मग नळीला कप लावून माठात गॅस सोडला. धूर नाही, वास नाही, आवाजही फारसा नाही. पणती सोडली, ती विझली. डाह्याने स्वतःच्या हाताने काडी ओढून माठात धरली. डोकं फुरफुरलं आणि लाकूड पांढरं राहिलं. मिस्तरींनी खिशातून त्या तीन काड्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. डाह्या बराच वेळ चौथ्या काडीशी त्या ताडून बघत होता. मग त्याने काहीतरी म्हटलं आणि एक बाई कोंबडी घेऊन आली. विस्तव विझतो हे कळलं, पण जीव जातो का ते बघू.

"कोंबडी नई," मिस्तरी म्हणाले. "याना मझार आते कोनताच जीव जावाना नई." आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी स्वतःचं डोकं माठात घातलं. मी समजलो की ते दाखवून लगेच बाहेर काढतील. त्यांनी काढलं नाही. त्यांचे हात माठाच्या काठाला घट्ट होते, आणि मग ते सैल पडले. मी सदरा धरून त्यांना ओढलं. जात्र्याने पाय धरले. ते पालथे पडले, ओठ जांभळे झालेले, आणि मग एकदम मोठा श्वास आत गेला. डोळे उघडल्यावर माझ्याकडे इतक्या रागाने कोणी कधी पाहिलेलं नाही.

डाह्या उठला. त्याने ओढ्याकडे हात करून काहीतरी सांगितलं, आणि एक म्हातारी, ती वेस्ताची आई होती, आपल्या घरातून खापरात विस्तव घेऊन पाण्यात उतरली. रेली तो विस्तव घ्यायला पुढे आली नाही. ती म्हातारीला ओलांडून सरळ मिस्तरींपुढे आली आणि सावकाश बोलली. जात्र्याला ते सांगताना दोनदा थांबावं लागलं. ती म्हणत होती, "दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, मी नाही खाल्लं. कोणी ऐकलं नाही. मग मीच विचार करायला लागले. त्याला शेवटचं वाढलं तेव्हा मी रागात होते. माझी नजर लागली असेल. रात्री झोपेत माझा जीव उठून खाली गेला असेल. आता मलाच वाटतं, की मीच खाल्लं. तू ते कसं काढशील?"

परतीच्या वाटेवर रिकामा सिलिंडर गाडीत घरंगळत होता आणि त्यांनी त्याला धरलं नाही.

खाली आल्यावर ते शेठना बोलले, चौकीत जाऊन बोलले. कोणाला तो कागद पुन्हा उघडायचा नव्हता. शेठनी त्यांना कामावरूनही काढलं नाही, कारण असा हात दुसरा मिळाला नसता. शिक्षा न होण्याचा त्यांना इतका त्रास झाला, की ते वाळत गेले. काम मात्र पूर्वीसारखंच चोख. नवीन कोणी टॉर्च धरायला शिकायला आला, की त्याला कपांच्या आधी हा सगळा प्रकार सांगत, आपल्या नावासकट.

आणि दर मार्गशीर्षात ते वर जात. एकटे. मोहाच्या झाडाखाली सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत बसत आणि परत येत. रेली गावात राहायला आली होती, पण ती त्यांच्याशी बोलत नसे. येता-जाता एकदा बघे. दुसऱ्या वर्षी मी न राहवून विचारलं, की ती बोलतसुद्धा नाही, तर कशाला एवढा डोंगर चढता. ते कप घासत होते. घासता घासता म्हणाले, "मी दिसनू म्हंजे तिले याद येस, का मारनारा हाऊ शे. मी गयू नई तं ती परत सोतालेच धरी बसी." मग कप उजेडात धरून भोक गोल झालंय का ते पाहिलं.

चार वेळा ते गेले. पाचव्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपले. शेवटच्या दिवशी त्यांच्या मुलींना वाटलं ते वात झाल्यासारखं बडबडताहेत. ते आकडे मोजत होते. पंधरापर्यंत यायचे आणि परत एकपासून सुरू करायचे.

त्या मार्गशीर्षात मी गेलो. का गेलो ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. मोहाच्या झाडाखाली बसलो. दुपारी रेली पाण्याचा हंडा घेऊन आली आणि मला बघून थांबली. एव्हाना तिला बाजारापुरती अहिराणी येत होती.

"तो कोठे शे?" तिने विचारलं.

मेले, म्हणून मी सांगितलं. तिने हंडा खाली ठेवला नाही. "मंग तू कसाले उना?" मग तू कशाला आलास.

मी म्हणालो, "कागद मी लिखेल शे. दारू प्येल व्हता, असं. ते खोटं शे, माले म्हाईत व्हतं."

हंड्यातलं पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं.

"मंग बस," ती म्हणाली, आणि घराकडे गेली.